चालू करू नये

डिंपल चौधरीच्या दाराशेजारी पूर्वी एक पत्र्याची पाटी होती. 'कॉम्प्युटर, लॅपटॉप, प्रिंटर दुरुस्ती. घरी येऊन करून मिळेल.' ती तिनंच रंगवली होती. आता भिंतीवर खिळ्यांची चार भोकं आहेत आणि मधला चौकोन बाकीच्या भिंतीइतका उन्हानं विटलेला नाही. पाटी का उतरली हे पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीत कोणालाही विचारा, लगेच सांगतील. जे सांगतील ते खोटं आहे.

खरं काय झालं त्यातलं बरंचसं मला डिंपलनं सांगितलं, काही ज्यांच्या घरी हे घडलं त्या पुष्पाबाईंनी सांगितलं आणि काही मी डोळ्यांनी पाहिलं. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस, तिच्या घरापासून चौथं घर माझं. या सगळ्यात मी काय केलं असं कोणी विचारलं तर उत्तर आहे, काही नाही. त्याच्याबद्दलही पुढे लिहितो.

डिंपल माहेरची रावेरकडची. घर केळीवाल्यांचं. विहिरीवरच्या मोटरीला थ्री फेज लाइट कधी पहाटे मिळायची, कधी भर दुपारी, आणि आली की निम्म्या वेळा स्टार्टर उडायचा. वायरमनची वाट बघण्यात दोन-दोन दिवस जायचे. बारा वर्षांची असताना एकदा घरी कोणी नाही असं बघून तिनं मेन स्विच पाडला, स्टार्टरचं झाकण उघडलं, काळे पडलेले पॉइंट पॉलिश पेपरनं घासले आणि मोटर चालू केली. वडील आले. त्यांनी आधी तिला एक कानाखाली दिली, मग ठिबकच्या नळ्यांतून पाणी टपकताना पाहत बराच वेळ उभे राहिले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वावरातला स्टार्टर बिघडला तेव्हा तेच म्हणाले, "जाय, पाहून ये बरं."

बारावीनंतर तिनं हट्टानं भुसावळला हार्डवेअरचा कोर्स केला. बावीस पोरांत ही एकटी मुलगी. पुढे लग्न झालं नवीनशी. तो चटईच्या कारखान्यात मशीनवर, शिफ्ट ड्युटी, स्वभावानं शांत. पाटीसाठी पत्रा त्यानंच आणून दिला होता.

नऊ वर्षं तिनं हे काम केलं. निळी पिशवी खांद्याला अडकवून स्कूटीवर यायची. लोक दार उघडायचे आणि तिच्या पाठीमागे बघायचे.

"मिस्त्री कुठे आहे?"

"मीच."

आत आली की ती मशीनला हात लावायची नाही. आधी भिंतीतल्या सॉकेटमध्ये मीटरच्या पिना घालून व्होल्टेज बघायची, अर्थिंग बघायची. निम्मे आजार भिंतीत असतात, असं तिचं म्हणणं. माझा कॉम्प्युटर तिनं तीनदा दुरुस्त केला. दोनदा काहीही न बदलता, नुसता रॅम काढून खोडरबरानं पुसून परत बसवला, आणि तसं सांगितलंही. दुसऱ्या कोणी नवा पार्ट टाकला म्हणून सांगितलं असतं तर मला कुठे कळणार होतं?

आमच्याच कॉलनीत, मारुतीच्या देवळामागे वना आबा राहतात. मूळचे धुळे तालुक्यातले. सरकारी दवाखान्यात प्रयोगशाळेत नोकरीला होते. तिथं त्यांना एक नाद लागला, तो निवृत्तीनंतर वाढला. रक्तदात्यांची यादी. जळगाव जिल्हा, धुळे जिल्हा, गाव, नाव, रक्तगट, फोन, शेवटचं रक्त कधी दिलं ती तारीख. आबांना कॉम्प्युटरमधलं फार कळत नव्हतं, त्यामुळे साध्या नोटपॅडमध्ये एका माणसाची एक ओळ, असं एका बोटानं टाइप करत त्यांनी अकरा वर्षांत चार हजार सातशे माणसं गोळा केली. कुठेही शिबिर असलं की आबा एसटीनं जायचे, वही भरून आणायचे, घरी आल्यावर टाइप करायचे. घराला रंग दिला तेव्हा त्यांच्या बायकोनं, पुष्पाबाईंनी, जुन्या वह्या रद्दीत घातल्या. सगळं कॉम्प्युटरमध्ये आहेच, म्हणून आबाही काही बोलले नाहीत.

यादीची दुसरी प्रत मात्र त्यांनी कधीच ठेवली नाही. त्याला कारण होतं. पूर्वी एकदा त्यांनी यादीतली दोन पानं एका ओळखीच्याला दिली होती. त्या माणसानं दात्यांना फोन करून नेलं आणि पेशंटच्या नातेवाइकांकडून पैसे उकळले. हे कळल्यावर आबा आठ दिवस जेवले नव्हते म्हणे. तेव्हापासून यादी घराबाहेर जायची नाही, हा नियम. हे सगळं घडायच्या वर्षभर आधी डिंपल त्यांचा प्रिंटर बघायला गेली होती, तेव्हाच म्हणाली होती, "आबा, एका पेनड्राइव्हवर घेऊन कपाटात ठेवा."

"पेनड्राइव्ह खिशात मावतं, पोरी," आबा म्हणाले. "खिशात मावणारी वस्तू जाते."

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना, दुपारी चारचा सुमार. धुळीचं वादळ आलं आणि लाइट गेली. आली. परत गेली. पंधरा मिनिटांत असं पाच-सहा वेळा झालं, आणि शेवटी आली ती अशी, की ट्यूबलाइट डोळे दिपतील इतक्या उजळल्या आणि आमच्या गल्लीतल्या दोन घरांचे टीव्ही गेले. डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळच्या पेटीत, न्यूट्रलची तार तुटली होती. आबांचा कॉम्प्युटर तेव्हा चालू होता. नशिराबादच्या शिबिरातली नावं ते टाइप करत होते.

लाइट स्थिर झाल्यावर त्यांनी बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळा, त्यावर इंग्रजी पांढरी ओळ. बूट होण्यासाठी डिस्क सापडत नाही, अशा अर्थाची. त्यांनी बंद केलं, चालू केलं. पुन्हा तीच ओळ. सात-आठ वेळा केल्यावर डिंपलला फोन लावला. घाबरले की आबा अहिराणीत येतात.

"पोरी, लाइट गई, उनी, परत गई. आते मशीन चालूच व्हत नही. बठ्ठी यादी त्यामा शे."

"हात लावू नका आबा. मी आलीच."

ती दहा मिनिटांत पोहोचली. सॉकेट बघितलं, व्होल्टेज अजून वरखाली होत होतं. कॅबिनेट उघडलं. पॉवर सप्लाय मोजला तर बारा व्होल्टपेक्षा कमी भरला, म्हणून आपल्या पिशवीतला चांगला सप्लाय जोडला. रॅम काढून पुसला, डिस्कची केबल बदलली. मग सेटिंगच्या स्क्रीनमध्ये जाऊन बघितलं. डिस्कचं नाव एकदा दिसलं, दुसऱ्यांदा दिसलं नाही. तिनं सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं, पंखाही बंद करायला लावला आणि कॅबिनेटला कान लावला.

टक्. टक्. टक्. मग थांबून पुन्हा.

पुष्पाबाई म्हणाल्या, तिचा चेहरा तेव्हाच उतरला.

तरी तिनं एक प्रयत्न केला. विंडोजशिवाय मशीन चालू करता येतं असा एक पेनड्राइव्ह तिच्याकडे असायचा, तो लावला. डी ड्राइव्ह दिसला. आबांनी 'दाता' नाव दिलेलं फोल्डर दिसलं. ती ते उघडायला गेली आणि टकटक वाढली, आणि डिस्कच पडद्यावरून नाहीशी झाली. त्या क्षणी तिनं वायर उपसली.

"आबा, नीट ऐका. आत तबकडी असते, तिच्यावरून एक बारीक सुई फिरते. फिरते म्हणजे टेकत नाही, केसाहूनही कमी अंतरावरून जाते. लाइटच्या झटक्यात ती सुई खराब झाली आहे. आता जितक्या वेळा चालू करू तितक्या वेळा ती तबकडीवर ओरखडा काढेल. यादी अजून आत आहे. पण मशीन चालू केलं की आपणच ती खरवडणार."

"मग?"

"मी उद्या सकाळी नवी डिस्क आणते, माझा यूपीएस आणते. चांगला भाग आधी उचलायचा, खराब भागाला शेवटी हात लावायचा. तीन-चार दिवस लागतील, सगळं एका दमात नाही होत. डिस्क माझ्या घरी दिली तर जास्त बरं, इथली लाइट बरोबर नाही."

आबांनी मान हलवली. "घराबाहेर नको, पोरी. तू इथंच कर."

तिनं हट्ट धरला नाही. वहीचं पान फाडून त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'चालू करू नये', आणि ते कॅबिनेटवर, बटण झाकेल असं चिकटपट्टीनं लावलं.

संध्याकाळी आबांचा मुलगा भूषण कामावरून आला. तो विमा कंपनीच्या कार्यालयात आहे, वरच्या मजल्यावर राहतो. मुलगा वाईट नाही. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला तोच पंधरा दिवस दवाखान्यात झोपला होता. पण वडिलांच्या यादीचा त्याला कंटाळा होता. वेळीअवेळी फोन, अनोळखी माणसं दारात, पोरांच्या परीक्षेत बेल. आणि डिंपलबद्दल त्याचं मत ठरलेलं होतं.

"चार दिवस? कशाला चार दिवस? विंडोज उडालंय, एवढंच. आणि हे कॅबिनेट असं उघडं टाकून गेली?"

"ती म्हणाली चालू करू नका," पुष्पाबाई म्हणाल्या.

"आई, ती घरी बसून शिकलेली बाई आहे. स्टेशनकडे एवढं मोठं दुकान आहे, आठ माणसं कामाला आहेत, युनिफॉर्म घालून. आबा, नेतो मी."

आबा म्हणाले, "ने."

पुढे डिंपलला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. तिच्या घरी डिस्क नको होती, ती दुकानात मात्र चालली.

दुकानात चिठ्ठी काढून टाकली गेली. मशीन चालू झालं, बंद झालं, परत चालू झालं. तिथल्या माणसानं डिस्क तपासणारा प्रोग्राम लावला, तो अडकला. मग त्यानं भूषणला विचारलं, "डेटा पाहिजे का?" भूषण फोनवर बोलत होता. तो म्हणाला, "डी ड्राइव्हमध्ये आहे सगळं, फक्त विंडोज टाका." त्या माणसाला डी ड्राइव्ह दिसतच नव्हता. त्यानं पूर्ण डिस्कचा एकच भाग केला, फॉरमॅट मारली, नवं विंडोज टाकलं. दोन तासांत कॉम्प्युटर घरी आला, आतून टकटक येत होती पण चालू होत होता, पडद्यावर निळ्या डोंगराचं चित्र. भूषणनं तो जागेवर ठेवला. आबांना उघडून बघायचा धीर झाला नाही. सकाळी डिंपल आली की बघू, म्हणाले.

सकाळी दहाला डिंपल नवी डिस्क आणि यूपीएस घेऊन आली तर पडदा उजळलेला. तिनं पिशवी खाली ठेवलीच नाही.

"कोणी चालू केलं?"

तिनं माउस हलवला, ड्राइव्ह बघितले. एकच होता. आत विंडोजच्या फोल्डरांशिवाय काही नाही.

"यादी?" आबांनी विचारलं.

तिनं मशीन बंद केलं आणि वायर काढून हातात धरली. "आबा, फॉरमॅट केलंय. आता काय उरलं असेल ते मला बघावं लागेल."

भूषण अजून ऑफिसला निघाला नव्हता. त्यानं तिथंच दुकानात फोन लावला, स्पीकरवर टाकला. पलीकडचा माणूस म्हणाला, "साहेब, मशीन आमच्याकडे आलं तेव्हा आधीच कोणीतरी खोललेलं होतं. केबल बदललेली, सप्लाय दुसरा. आधीच्यानं वाट लावली असणार. आम्ही तर चालू करून दिलं."

भूषणनं फोन ठेवला आणि डिंपलकडे वळला. "ताई, ऐकलंत? तुम्ही काल खोललं तेव्हाच गेलं ते."

"भूषणभाऊ, मी काल सांगून गेले होते. कागद लावून गेले होते. आबांना विचारा."

आबा खुर्चीत बसले होते, सगळ्यांच्या मधोमध. त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं.

"ती तर म्हणाली होती रे, चालू करू नका..." पुष्पाबाई म्हणाल्या.

"आई, तुला यातलं काही कळत नाही, तू आत जा."

पुष्पाबाई आत गेल्या. डिंपल आबांकडे बघत उभी राहिली. मला सांगताना ती म्हणाली, "भाऊ, त्यांनी एवढं म्हटलं असतं ना, की हो, पोरगी सांगून गेली होती. बस. मी दुसरं काही मागत नव्हते."



तरीही तिनं डिस्क मागितली. भूषण म्हणाला, घेऊन जा, आता काय राहिलंय त्यात. आबांनी मान हलवली, आणि यादी पहिल्यांदा घराबाहेर गेली.

अकरा दिवस ती त्या डिस्कच्या मागे होती. नवीननं घरातला इन्व्हर्टर तिच्या टेबलाकडे ओढून दिला. वाचलेले तुकडे तिनं आधी नव्या डिस्कवर उतरवले आणि मग त्यात आबांच्या ओळी शोधत बसली. आबा दर वेळी यादी सेव्ह करायचे तेव्हा जुन्या प्रतींचे अवशेष डिस्कवर ठिकठिकाणी पडून राहायचे, तेवढंच नशीब. कुठे सहा वर्षांपूर्वीची वीस नावं, कुठे मागच्या वर्षीची आठ. तुकड्याच्या कडेला आलेल्या ओळी अर्ध्यात तुटलेल्या. नाव आहे, गाव आहे, नंबर नाही. नंबर आहे, रक्तगट नाही. चार हजार सातशेपैकी अकराशे चाळीस ओळी तिला मिळाल्या, आणि त्यातल्या पूर्ण अशा चारशेही नव्हत्या. त्या तिनं छापल्या, रक्तगटाप्रमाणे लावल्या आणि आबांना नेऊन दिल्या. मजुरीचा विषय तिनं काढला नाही, त्यांनीही नाही.

या अकरा दिवसांतच कॉलनीच्या ग्रुपवर भूषणचा मेसेज आला. 'कॉलनीतील एका महिलेकडून कॉम्प्युटर दुरुस्त करून घेताना सावध राहावे. अर्धवट ज्ञानामुळे माझ्या वडिलांचे अकरा वर्षांचे काम नष्ट झाले. कृपया अनुभवी दुकानातच जावे.' नाव नव्हतं. नावाची गरजही नव्हती. खाली सतरा जणांनी हात जोडले, कोणी रडका चेहरा टाकला. कोणी लिहिलं, 'आमच्याकडेही प्रिंटर नीट झाला नव्हता.'

मी तो मेसेज वाचला. मी लिहायला घेतलं, 'माझा कॉम्प्युटर तिनं तीनदा...' एवढं टाइप करून थांबलो. भूषणकडे माझी विम्याची एक फाइल अडकलेली होती. शिवाय मनात आलं, खरं काय ते आपल्याला कुठे माहीत आहे. लिहिलेलं पुसून टाकलं. विचारायला तिच्या घरी गेलो असतो तर चार घरं चालायची होती.

ज्या शाळेतली कॉम्प्युटर लॅब ती दर महिन्याला बघायची त्यांनी कळवलं, आता गरज नाही. फोन कमी होत गेले. जूनमध्ये तिला सगळ्या महिन्यात दोन कामं आली, दोन्ही कॉलनीबाहेरची.

आणि मग जुलैत पुनमचं झालं. पुनम नशिराबादची, पहिलं बाळंतपण. सकाळी मुलगी झाली आणि रक्तस्राव थांबेना. रक्तगट ओ निगेटिव्ह. रक्तपेढीत एक पिशवी होती ती दिली, आणखी हवी होती. दुपारी बाराच्या सुमारास तिच्या नवऱ्याला कोणीतरी आबांचा नंबर दिला. जिल्ह्यात अजूनही लोक आबांचाच नंबर द्यायचे.

आबांनी डिंपलचे कागद काढले. ओ निगेटिव्ह एकतीस नावं होती. पूर्ण नंबर सहांचे. पहिला फोन लागला तो माणूस कायमचा सुरतला गेलेला. दुसरा नंबर दुसऱ्याच कोणाच्या नावावर. तिसरा उचलेना. चौथ्यानं मागच्याच महिन्यात रक्त दिलेलं. पाचवा बंद. सहावी एक बाई, तिला स्वतःलाच दिवस गेलेले. मग आबांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा डिंपलला फोन केला.

"पोरी, रावेरचा एक नीलेश शे तुझ्या कागदात. नंबर नऊच आकडी शे. शेवटला तुटेल शे."

"वाचा नंबर," ती म्हणाली. "शून्य ते चार तुम्ही लावा. पाच ते नऊ मी लावते."

दोघांनी दोन घरांतून फोन लावायला घेतले. पाच लावला, कोणी शिक्षिका. सहा अस्तित्वातच नव्हता. सात लावल्यावर मागे ट्रॅक्टरचा आवाज, केळी भरणाऱ्या माणसांची ओरड.

"नीलेशभाऊ का? रक्तगट ओ निगेटिव्ह?"

"हो. कोण?"

तिनं सांगितलं. तो म्हणाला, "गाडी भरू राहिलो होतो. निघतो. मोटारसायकलनं येतो." सव्वा वाजला होता. रावेर ते जळगाव, मध्ये पावसानं उखडलेला रस्ता. तो सव्वातीनला दवाखान्यात पोहोचला, हाताला केळीचा चीक तसाच. पुनम तीनला दहा मिनिटं कमी असताना गेली होती.

ते कळल्यावर नीलेशनं नळावर हात धुतले. मग म्हणाला, आलोच आहे तर घ्या, दुसऱ्या कोणाला लागेल. रक्त देऊन तो परत गेला.

यादी पूर्ण असती तर पुनम वाचली असती का? डॉक्टर तसं म्हणाले नाहीत. रक्त तपासायलाही वेळ लागतो. पण पूर्ण यादीत नशिराबादचाच एक ओ निगेटिव्ह होता, वादळाच्या दिवशी आबा ज्या शिबिरातली नावं टाइप करत होते त्यातला, हे आबांना आठवत होतं. नाव आठवत नव्हतं. त्या शिबिराची वही होती, पण जुन्या वह्या रद्दीत गेल्यापासून टाइप झालेलं पान ते फाडून टाकायचे, आणि ते पान झालेलं होतं.

चार दिवसांनी आबा डिंपलच्या घरी आले. ती भांडी आवरत होती. नवीननं खुर्ची दिली, ती त्यांनी घेतली नाही.

"मी तव्हय बोलाले पाहिजे व्हतं," ते म्हणाले.

"हो."

"भूषण मन्हा आंडोर शे, पोरी. आम्ही त्याच्याजवळ राहतो."

"माहीत आहे आबा."

"मी काय करू, सांग."

"ग्रुपवर लिहा. दोन ओळी. डिंपल सांगून गेली होती, आम्ही ऐकलं नाही."

आबा दारापर्यंत गेले आणि वळले. मग म्हणाले, "माले ग्रुपवर लिहिता येत नही."

चार हजार सातशे नावं एका बोटानं टाइप केलेला माणूस हे म्हणाला. डिंपल हसली, असं नवीन सांगतो. तिनं हात पुसले, ड्रॉवरमधून ती जुनी डिस्क काढली आणि त्यांच्या हातात ठेवली. "तुमची वस्तू. घराबाहेर नको." आबा डिस्क घेऊन गेले. त्यानंतर ते तिच्या दारात आले नाहीत. यादीचं कामही त्यांनी सोडलं. आता कोणी फोन केला की पुष्पाबाई सांगतात, ते बंद झालं.

पाटी तिनं त्याच आठवड्यात उतरवली. नवीन म्हणाला, राहू दे, लोक विसरतात. ती म्हणाली, विसरतात म्हणूनच नको, नऊ वर्षांचं काम विसरलेच ना.

मी तिच्याकडे गेलो ते त्यानंतर, माझा कॉम्प्युटर सुरू होईना तेव्हा. इतक्या उशिरा, आणि तेही स्वतःच्या कामासाठी. तिनं मला बसवलं, चहा दिला, सगळी हकिकत सांगितली आणि काम मात्र घेतलं नाही. मी म्हणालो, "मी त्या दिवशी लिहिणार होतो." ती म्हणाली, "हो का," आणि कप उचलून आत गेली.

आता ती एमआयडीसीत एका पाइपच्या कारखान्याच्या ऑफिसात टाइपिंगला आहे. मागच्या महिन्यात माझ्या भाच्याच्या कामासाठी मी तिथं गेलो होतो. नेमकी लाइट गेली, दहा मिनिटांनी आली, आणि पाचपैकी एक कॉम्प्युटर चालू होईना. काळा पडदा, पांढरी ओळ. सगळे त्याच्याभोवती जमले. कोणी बटण दाबलं, बंद केलं, पुन्हा दाबलं. मॅनेजरसाहेब म्हणाले, बाहेरून माणूस बोलवा. एकजण म्हणाला, तोवर चालू-बंद करत राहा, कधीकधी लागतं.

डिंपल शेजारच्याच टेबलावर होती. हात मांडीवर ठेवून बसली होती. मी तिच्याकडे गेलो आणि हळूच म्हणालो, "सांग ना त्यांना."

"मी टाइपिंगला आहे, भाऊ," ती म्हणाली.

मागे कोणीतरी पुन्हा बटण दाबलं. तिनं आपल्या पडद्याकडे तोंड फिरवलं आणि अर्धवट राहिलेलं पत्र टाइप करायला घेतलं.